दावा मिटला, पण कसा?

एका खोलीत चार वकील बसले की किस्से आपोआप साठतात; केर काढावा तसे रोज काढले तरी दुसऱ्या दिवशी आहेतच! आमच्या वकील संघाच्या खोलीत मी कॉम्प्युटर सांभाळते. निकाली निघालेल्या दिवाणी दाव्यांची माहिती वकिलांनी द्यायची आणि मी ती भरायची. त्यावरून पक्षकारांना मेसेज जातात. माहिती आली नाही, तर बिचारे मजुरी बुडवून उगाच तारखेला येतात. म्हणून माझी धडपड.

आमचे सगळ्यात ज्येष्ठ बिरादार वकील. ‘निकाल कसा लागला?’ या रकान्यात त्यांनी एकदा नुसतं ‘खलास’ लिहिलं. मी विचारलं, “अण्णा, दावा खलास का पक्षकार?”

“दोन्ही बी, अक्का!”

*

लातूरची सुनीता नवीन टायपिस्ट म्हणून आली. आमच्याकडचे जुने वकील तडजोडीला अजून ‘राजीनामा’ म्हणतात, हे तिला काय माहीत! बिरादारांचा कागद हातात घेऊन ती घाबरीघुबरी होत त्यांच्यापुढे उभी राहिली. “सर, तुम्ही वकिली सोडायलाव?”

अण्णा म्हणाले, “माझ्या बायकोनं पाठवलं का तुला?”

*

मग आमच्यातल्या कांबळे वकील मॅडमनी सुचवलं, लिहायला नको, नुसती खूण करू द्या. निकाल, तडजोड, मागे घेतला. अण्णांनी तिन्हींवर खूण केली!

“असं कामून, अण्णा?”

“आधी निकाल लागला, मग आपिलात तडजोड झाली, म्हणून आपील मागं घेतलं. आता खोटं कामून लिहू?”

त्या दिवशी मला वाटलं, भांडण एवढ्याशा चौकटीत मावतंय कुठं!

*

‘पक्षकाराला कळवलं का?’ हा रकाना मी हट्टानं घालून घेतला. एका वकिलांनी त्यात लिहिलं, ‘समजलं असेल.’

मी विचारलं, “कसं समजेल, साहेब?”

“गावात पेढे वाटले की!”

“कुणी?”

“समोरच्यानं.”

*

आणि कमलनगरकडच्या गंगूमावशी. शेतातल्या वाट्यासाठी त्यांचा सख्ख्या भावावर दावा. दोन्ही घरांचं येणंजाणं बंद. मावशींचा लेक मामाचं नावही काढू देत नाही. वकिलांनी माहितीच दिली नव्हती, त्यामुळे निकाल लागून गेला तरी बहीणभाऊ दोघंही तारखेला हजर. निकालाचं मला तेव्हाच कळलं, तशी मी धावत बाहेर गेले. लिंबाखाली भाऊ पेरूच्या फोडी करत होता. मीठ लावून पहिली फोड त्यानं बहिणीच्या हातावर ठेवली.

मी मावशींना बाजूला घेतलं. “मावशी, दावा जिंकलाव तुम्ही! वाटा तुमचा झाला. आता इथं यायचं काम न्हाई.”

मावशींनी फोड तशीच हातात धरली. एकदा भावाकडं बघितलं. मग माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाल्या,

“बाई, अजून एक तारीख पडंल का?”