भस्मकाकांचं वैराग्य

धुलाईच्या कारखान्यात बॉयलर सांभाळणाऱ्या काकांना सगळे भस्मकाका म्हणत. कपाळावर तीन पांढरे पट्टे ओढल्याशिवाय त्यांनी कधी आगीला हात लावला नाही.

"काका, इथे पोत्यांनी राख पडते, थोडी बांधून देऊ?" इस्त्रीवाले चिडवायचे.

"ती नुसती राख. भस्म निराळं," काका म्हणायचे, आणि मग त्यांची गाडी सुटायची. घरच्या गच्चीवर ते गोवऱ्या भाताच्या तुसाखाली मंद जाळत. घाई केली की काळं राहतं. नीट जळलं की पांढरं पडतं, मग ते फडक्यातून चाळायचं. जळण्यासारखं सगळं जळून गेलं की उरतं ते भस्म. तीन पट्टे म्हणजे मी, माझं आणि माझ्यामुळे; तिन्ही जाळायचे. "देह म्हणजे शेवटी मूठभर हेच. कशाला रडायचं?"

ऐकणाऱ्यांचे कान किटले होते. शेजारी कुणी वारलं तरी काका हेच ऐकवून येत. काकू म्हणायच्या, "अहो, लोकांना जरा रडू तरी द्या."

मग काकूंच्या हृदयाची झडप बदलायची ठरली. वयामुळे धोका होता. डॉक्टरांनी तो लपवला नाही. काकांनी मान डोलावली. सकाळी त्यांनी नेहमीसारखं पाण्यात भस्म कालवून काकूंच्या कपाळाला लावलं.

ऑपरेशन थिएटरच्या दाराशी नर्स म्हणाली, "काका, पेशंटच्या कपाळावर काही चालत नाही. पुसा."

त्यांनी रुमाल काढला. काकूंच्या कपाळावरचे पट्टे पुसले. कपाळ कोरडं झालं तरी ते पुसतच राहिले.

"आज सांगत नाही?" काकूंनी विचारलं. "मूठभर वगैरे?"

एवढ्या लोकांसमोर काका ओरडलेच, "गप्प बस! तू काही राख-बिख व्हायची नाहीस, सांगून ठेवतो!"

स्ट्रेचरवर काकूंना हसू आवरेना. नर्सनं दटावलं तरी त्या हसतच आत गेल्या, आणि काका भिंतीला टेकून लहान पोरासारखे रडले.

काकू बऱ्या होऊन घरी आल्या. काका पट्टे अजून ओढतात, पण कुणी अर्थ विचारला की म्हणतात, "आमच्या हिला विचारा."

काकू भाजी निवडता निवडता सांगतात, "अर्थ खराच आहे हो. फक्त तो स्वतःच्या कपाळापुरता असतो."