अटीशर्ती काकांचा जपानी लॅपटॉप

औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला तो पातळ कागद पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ठाकुर्लीला आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे अटीशर्ती काका. हे नाव इमारतीतल्या मुलांनी ठेवलं होतं आणि काकांना ते माहीत होतं. कल्याणच्या एका कचेरीत त्यांनी जन्मभर करारनामे तपासले. निवृत्त झाले तरी डोळ्यांची खोड गेली नाही. लिफ्टच्या दुरुस्तीचा करार, शेगडीची हमी, लग्नाच्या हॉलची पावती, इमारतीतलं सगळं आधी त्यांच्याकडे जायचं. "वाचल्याशिवाय बोट लावायचं नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कुरियरवाल्याने मोबाइल पुढे करून बोटाने सही मागितली, की काका तो मोबाइल हातात घेऊन वरचा सगळा मजकूर वाचायचे. तोवर तो बिचारा जिन्यात बसून घ्यायचा.

काकू अगदी उलट. त्यांना बोलायला माणूस लागायचा, विषय लागायचा नाही. "यांचं वाचून होईपर्यंत माझं सांगून, भांडून आणि मिटवूनसुद्धा होतं," असं त्या म्हणायच्या. संध्याकाळी मी ऑफिसातून आले की वरच्या गॅलरीतून त्यांचा आवाज यायचा, "नीता, आज उशीर गं?" आणि मी वर बघेपर्यंत पुढचे तीन प्रश्न येऊन पडलेले असायचे.

त्या काकूंची उजवी बाजू एका सकाळी गेली, आणि तिच्याबरोबर वाचाही गेली. हॉस्पिटलातून घरी आल्या तेव्हा तोंडातून फक्त "त... त..." एवढंच निघायचं. त्यांना किती समजतं हे डॉक्टरांनाही छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. त्या डाव्या हाताने गादीवर थापा मारायच्या आणि काका एकेक वस्तू आणून समोर धरायचे. पाणी, चष्मा, शाल, देवाचा फोटो. काकू मान हलवत राहायच्या आणि शेवटी रडायच्या. मग काका रिकामे हात घेऊन पलंगाजवळ उभे राहायचे. मला ते बघवायचं नाही. मी काहीतरी निमित्त काढून खाली यायची.

"बाकी सगळं मी करतो गं," एकदा ते मला म्हणाले. "न्हाऊ घालतो, भरवतो. पण तिला काय हवंय तेच मला कळत नाही."

ठाण्याच्या वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी त्यांना एका पेनड्राइव्हवर एक प्रोग्रॅम दिला. पडद्यावर चित्रं येतात. पाण्याचं, चहाचं, दुखऱ्या पोटाचं. माणसाने चित्राला बोट लावलं की लॅपटॉप मराठीत बोलतो. त्याला बोटाने चालणारा पडदा हवा होता. काकांची मुलगी माधवी जपानमध्ये. तिला दिवस गेले होते आणि ते अवघड जात होते, डॉक्टरांनी झोपूनच राहायला सांगितलं होतं, त्यामुळे आईसाठी येता येत नव्हतं. तिने तिथून नवऱ्याचा तसा लॅपटॉप इकडे येणाऱ्या एकाबरोबर पाठवून दिला. काकांनी तो देवापुढे ठेवला, हळदकुंकू वाहिलं, मग उघडला. आणि आयुष्यभर वाचल्याशिवाय बोट न लावणाऱ्या त्या माणसासमोर एकही अक्षर न कळणारा पडदा उभा राहिला.

साहजिकच मला बोलावणं आलं. मी ठाण्याच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासते, म्हणजे मला चुका शोधण्याचा पगार मिळतो, त्या दुरुस्त करणारी माणसं वेगळी असतात. पण हे सोसायटीत कुणाला पटवून देणार? मी मोठ्या तोऱ्यात बसले आणि आधी भाषाच बदलून टाकू म्हटलं. इंग्रजीची फाइल अर्धी उतरली आणि अडकली. पुन्हा उतरवली, पुन्हा अडकली. मग म्हटलं जपानी तर जपानी, सरळ प्रोग्रॅम चढवू. निळी पट्टी शेवटच्या टोकापर्यंत जायची, आपला जीव भांड्यात पडणार एवढ्यात लाल फुलीची खिडकी उघडायची आणि आत सगळी चित्रलिपी. माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर बाहेरचं काही टाकायला बंदी, शिवाय त्याचा पडदा बोटाला दाद देणारा नाही. नवा घ्या असं मी एकदा सुचवून पाहिलं.

काका म्हणाले, "घेईन. पण माधवीला तिथे पडल्या पडल्या एवढं एकच करता आलंय. तेही चालत नाही असं तिला कोणत्या तोंडाने सांगू?" त्यामुळे लॅपटॉप पोचल्याचं तिला कळवलं होतं आणि पुढचं काहीच नाही. जावयाला विचारावं तर तो तिला सांगणार, म्हणून तोही रस्ता बंद.

मग दर रविवारी दुपारी आमची ती बैठक सुरू झाली. मी फोनचा कॅमेरा पडद्यावर धरायची आणि फोन त्या मजकुराचं मोडकंतोडकं मराठी करून द्यायचा. एकदा आलं, 'अपेक्षित नसलेले घडले, मनापासून क्षमा.' काका कौतुकाने म्हणाले, "माफी मागतोय बघ. संस्कार आहेत. काम तेवढं करत नाही." बटणांवरची अक्षरं त्यांनी स्वतःच्या पद्धतीने लावून टाकली होती. उभ्या काठ्यांची एक जोडी असेल तर 'हो', दोन जोड्या असतील तर 'नाही'. ते बरोबर निघायचं. तरी बटण दाबण्याआधी ते प्रत्येक वेळी माझ्याकडे बघायचे, आणि मला काय माहीत असणार? मी मान डोलवायची. त्यांनी जन्मात पहिल्यांदाच न वाचता बोट लावलं असेल, तेही माझ्या भरवशावर. पलीकडे पलंगावर काकू आमच्याकडे बघत पडलेल्या असायच्या.

स्टेशनजवळच्या दुकानातही आम्ही जाऊन आलो. तिथला मुलगा पडदा बघून हसला. "काका, टेन्शन नाय. फॉरमॅट मारतो, इंग्लिश टाकतो, अर्ध्या तासात रेडी." काकांनी विचारलं, यातलं काय काय जाईल? तो म्हणाला, सगळंच. सगळंच म्हणजे काय, ते लिहून द्या, काकांनी सांगितलं. लॅपटॉप जावयाचा आहे, त्याचं काही पुसलं गेलं तर जबाबदारी कुणाची? त्याने माझ्याकडे पाहिलं, मी रस्त्याकडे. लॅपटॉप पिशवीत घालून आम्ही परत आलो. माझी चिडचिड झाली होती आणि काकांना ती कळली होती. वाटेत त्यांनी मला उसाचा रस पाजला.

अखेर चूक मला सापडली ती निव्वळ माझ्या धंद्याच्या सवयीने. त्या लाल फुलीच्या खिडकीत तळाला एक बारीक ओळ असायची, आणि तिच्यात मध्येच चार प्रश्नचिन्हं. लॅपटॉपवर वापरणाऱ्याच्या नावाचं एक खातं असतं, प्रोग्रॅम त्या नावाच्या फोल्डरमधून वाट काढत आत जातो. जावयाने आपलं नाव हौसेने जपानी लिपीत लिहिलं होतं. आपल्याकडे बनलेल्या त्या साध्या प्रोग्रॅमला ते वाचताच येत नव्हतं, त्याच्या जागी प्रश्नचिन्हं पडत होती, म्हणून दारातूनच परत फिरत होता. बिचाऱ्याची गत आमच्यासारखीच होती. सोमवारी सकाळी मी काकांना नवं खातं कसं उघडायचं ते समजावलं, बटणांच्या जागा कागदावर काढून दिल्या आणि ऑफिसला गेले.

संध्याकाळी आले तर काका तोंड पाडून बसलेले. खातं उघडलं होतं, प्रोग्रॅम पुन्हा लाल फुलीवर. मी पाहिलं तर खात्याचं नाव देवनागरीत, 'सौ.'पासून आडनावापर्यंत, मधलं स्वतःचं नाव न गाळता. मी म्हटलं, काका, इंग्रजी अक्षरं हवी होती, प्रोग्रॅमला मराठीही वाचता येत नाही. ते म्हणाले, "मराठीत बोलतो आणि मराठी वाचत नाही? आणि खातं तिचं आहे. नाव पूर्ण नको का?" मी तिसरं खातं उघडलं आणि त्याला ए, बी, सी एवढंच नाव दिलं. काकांना ते अजिबात आवडलं नाही.

निळी पट्टी या वेळी टोकाला पोचली आणि लाल फुली आली नाही. त्याऐवजी आल्या प्रोग्रॅमच्या अटी आणि शर्ती. शुद्ध मराठीत. मी 'मान्य' दाबायला बोट पुढे केलं आणि काकांनी माझा हात धरला. चष्मा पुसला, खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि त्या सगळ्या अटी काकूंना मोठ्याने वाचून दाखवल्या. प्रत्येक कलमानंतर थांबून विचारायचे, "मान्य आहे ना गं?" काकू टक लावून त्यांच्याकडे बघत होत्या. कित्येक आठवड्यांत मी काकांना इतकं आनंदात पाहिलं नव्हतं. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू?

मग चित्रं आली. काकांनी काकूंचा डावा हात पडद्याजवळ नेला. बोट थोडं घोटाळलं आणि डावीकडे खालच्या कोपऱ्यातल्या कपबशीवर टेकलं. "मला चहा हवा आहे," लॅपटॉपमधली बाई म्हणाली. काका धडपडत स्वयंपाकघरात गेले. आल्याचा चहा आला, काकूंनी एक घोट घेतला आणि तोंड फिरवलं. पुन्हा बोट कपबशीवर. पुन्हा चहा.

पुढे रोज तेच चाललं. काकू दुसऱ्या कुठल्याही चित्राला बोट लावायच्या नाहीत. रडू आलं तरी चहा, पाठ दुखत असावी असं वाटलं तरी चहा. आणि काका प्रत्येक वेळी गॅस पेटवायचे. मी वर गेले की ओट्यावर गार झालेले कप रांगेने दिसायचे, त्यातला एखादा गरम करून मी प्यायची. ठाण्याच्या बाईंनी घरी येऊन पाहिलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, की चित्राचा आणि वस्तूचा संबंध त्यांच्या मनात जुळतोच असं नाही. तो कोपरा डाव्या हाताला सोपा पडतो, तेवढंच असेल.

मला राहवलं नाही. मी काकांना म्हटलं, चित्रांच्या जागा बदलता येतात. कपबशी वर नेऊ आणि त्या कोपऱ्यात पाणी ठेवू. बोट कपबशीच्या मागोमाग वर गेलं तर त्या खरंच चहा मागतायत, कोपऱ्यातच राहिलं तर नाही. दोन मिनिटांत कळेल.

काका म्हणाले, "नको, नीता. हे तपासायचं नाही." आणि उठून त्यांनी चहाचं आधण ठेवलं.

काकू त्यानंतर फार दिवस राहिल्या नाहीत. माधवी तान्ह्या मुलीला घेऊन आली, पण दिवसकार्याला. भेटायला येणारी माणसं खाली मान घालून तोच प्रश्न विचारत होती, शेवटी काही बोलल्या का? मी माधवीशेजारी बसले होते. ती वडिलांकडे बघत होती.

"हो तर," काका म्हणाले. "तुझ्या लॅपटॉपवर बोलायची ना. आदल्या संध्याकाळीसुद्धा चहा मागितला. मी दिला."

माधवीने तोंडाला पदर लावला आणि ती ढसाढसा रडली. मग माझा हात घट्ट धरून तिने विचारलं, "खरंच मागायची गं?"

चुका शोधून पोट भरणारी मी म्हणाले, "हो. आल्याचा."