कावेरीचं गाऱ्हाणं

आमच्या गावात कुणाची म्हैस अडली की पहिलं नाव निघतं ते कावेरी मोरयेचं. नांदगावाहून डॉक्टर येईस्तोवर तास जातो. तोवर कावेरी कोपरापर्यंत हात धुते, खोबरेल चोळते, आत हात घालते आणि वासराचा मुडपलेला पाय सरळ करून त्याला बाहेर काढते. हे काम तिच्या सासऱ्याचं. त्याला दिसेनासं झालं तेव्हा त्याने मुलाला बाजूला सारून सुनेला पुढे केलं, आणि त्याचा अंदाज बरोबर होता. आज बावन्न वर्षांची आहे. अंगाने काटक, तोंडाने तिखट. आमच्या दोन अंगणांत फक्त एक दगडी गडगा आहे, त्यामुळे तिच्या तिखटपणातला मोठा वाटा बत्तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माझ्या पदरात पडलेला आहे.

अशा या बाईने गेल्या हिवाळ्यात, गाभण कुत्र्यांचीसुद्धा नसबंदी करूया, असं सगळ्या गावाला सांगितलं.

आधी आमची रीत सांगतो. हायवेला लागून गाव, हॉटेलांचं उष्टं, चिकनच्या गाड्यांची घाण, मग कुत्र्यांना काय कमी? एकेक कुत्री वर्षातून दोनदा विते. पण आमच्याकडे पिल्लं कुणी मारत नाही हो. देवाला भिणारी माणसं आम्ही. डोळेही न उघडलेली पिल्लं पोत्यात घालायची, स्कूटरच्या पायाशी ठेवायची आणि खारेपाटणच्या पुलापलीकडे सोडून यायची. जिल्हा बदलला की जबाबदारी बदलली. पलीकडची माणसंही तितकीच धर्मभीरू, ती आपली पोती आमच्या फाट्यावर ठेवून जातात. मीही तीन वेळा ते पोतं नेलं आहे. वर्गात भूतदयेवर निबंध लिहून घेणारा मीच.

जानेवारीत फाट्यावरचं असंच एक पोतं कावेरीला सापडलं. आत नऊ पिल्लं, त्यांतली दोन जिवंत, अंगाला मुंग्या लागलेल्या. तिने ती घरी आणली. कापसाने दूध पाजायचा प्रयत्न केला. दुपारपर्यंत दोन्ही गेली. त्या दिवशी ती जेवली नाही.

दोन दिवसांनी तिने डॉक्टर तेजस्वीला फोन लावला. ही तरुण मुलगी नसबंदीची गाडी घेऊन गावोगाव फिरते. ती यायला तयार होती, पण तिने आधीच स्पष्ट केलं, "दोन दिवस येईन. मोठी खोली आणि गावाची संमती पाहिजे. यात काही माद्या गाभण निघतील. त्यांचं ऑपरेशन केलं तर पिल्लं जातील, नाही केलं तर दोन महिन्यांत पन्नास पिल्लं वाढतील. काय ते तुम्ही ठरवा. पण मागाहून माझ्या अंगावर धावून यायचं नाही."

कावेरी गप्प राहिली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. पण मागच्या दाराने जाणं तिला जमत नाही. रेशनच्या रांगेत उभी राहून तिने सगळं जसंच्या तसं सांगितलं आणि गाव पेटलं.

गावातली मोठी खोली म्हणजे देवळाचं सभागृह, आणि त्याच्या चाव्या भाईंच्या कमरेला. भाई देवळाचे मानकरी. काजूच्या बागा, पांढरीशुभ्र टोपी आणि शब्दाला वजन. ते म्हणाले, "गो कावेरी, जीव भायेर काढणारो हात तुझो. त्याच हातान पोटातलो जीव मारतलंस? सभागृह तुका मेळूचा नाय."

हे तिने ऐकून घेतलं. लागलं ते गावातल्याच महादूचं बोलणं. त्याची म्हैस फेब्रुवारीत विणार होती. जमिनीकडे बघत तो म्हणाला, "कावेरीबाय, ह्या येळेक तू येव नको. घरातली माणसां भियातत."

ती घरी आली आणि झाडलेला गोठा पुन्हा झाडू लागली. मी गडग्यावरून म्हटलं, "कावेरी, कशाला हट्ट धरतेस? गाभण सोडून बाकीच्या करू. कुणी काही बोलणार नाही."

"मास्तरांनू, निम्म्यो गाभणच असतल्यो. मगे गाडी येवन उपयोग काय?"

"पण पाप ना ते?"

तिने झाडू टाकला. "पाप नाय असा मी खंय म्हणतंय? पाप आसाच. पण पोटातल्या पिल्लाक भूक ठावक नाय, थंडी ठावक नाय. पोत्यातल्याक दोनय ठावक आसतत. त्या दोन पिल्लांनी माझ्या मांडयेर जीव सोडल्यानी. शेवटपर्यंत आवशीचा दूध सोधी होती." झाडू पुन्हा उचलत ती म्हणाली, "जिचे दिस भरले, जिच्या सडात दूध इला, तिका मी हात लावूक देवचंय नाय. ती माझ्या गोठ्यात व्यायतली. बाकीच्यांचा पाप माझ्या नावावर लिवा."

माझ्या नावावर आधीच तीन पोती होती.

शेवटी भाईंनी फर्मान काढलं, देवाला विचारूया. आमच्याकडे कुठलीही मोठी गोष्ट ग्रामदेव रवळनाथापुढे मांडतात. गुरव गाऱ्हाणं घालतो, म्हणजे हकिगत एकेक वाक्य करून देवाला सांगतो, आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. तो होकार आल्याशिवाय गुरव पुढे सरकत नाही. मग पाषाणाला ओल्या पाकळ्या लावून कौल घ्यायचा. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. भाईंना वाटलं, देव परस्पर नाही म्हणेल आणि वाईटपणाही कुणाकडे येणार नाही. एवढ्या वर्षांचा मानकरी, पण एक गोष्ट विसरला. गाऱ्हाण्यात आवाज गुरवाचा असला तरी शब्द ज्याची फिर्याद त्याचे असतात.

सोमवारी सकाळी देऊळ भरलं. शंकर गुरव हात जोडून उभा राहिला. शेजारी खांद्यावर पदर घेऊन कावेरी. ती हळू आवाजात सांगायची आणि तो खणखणीत म्हणायचा.

"बा देवा रवळनाथा, तुझी लेकरां आज तुझ्या पायाकडे इली."

"व्हय म्हाराजा."

"गावात कुत्री-मांजरां वाढली. त्येंका खावक नाय, ऱ्हवाक जागा नाय."

"व्हय म्हाराजा."

"मोरयांची कावेरी गाभण कुत्रयेचा आपरेशन करूक सांगता. तिच्यान पोटातली पिल्लां मरतली."

"व्हय म्हाराजा." इथे भाईंचा आवाज सगळ्यांच्या वर चढला. स्वतःच्या विरुद्धचं वाक्य कावेरीने स्वतःच घातलं होतं.

मग तिने पुढचं सांगितलं. शंकरने मान वळवून तिच्याकडे बघितलं. ती हलली नाही. मग तो म्हणाला, "आणि आमी सगळे जाणते, डोळे न उघडलेली पिल्लां पोत्यात घालून पुलापलीकडे सोडून येताव. ती थंय भुकेन मरतत, गाडयेखाली मरतत. ह्या आमका ठावक आसा."

एकही होकार आला नाही. कुणी खोकलं. महादू पायाचा अंगठा बघत बसला. शंकर थांबला होता, थांबणारच. खोटं बोलायला आमची हरकत नसते, पण रवळनाथासमोर नाही. आणि गप्प राहणं हे तिथे खोटं बोलण्यासारखंच. मला त्या क्षणी कावेरीचा राग आला आणि स्वतःची लाज वाटली, दोन्ही एकदम.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. देवळात माझा एकट्याचा आवाज.

मग महादू म्हणाला. मग मागून बायका म्हणाल्या, सगळ्या एकदम, कारण आईच्या अंगाखालून पिल्लं ओढून काढायचं काम त्यांच्याकडेच असतं. मग बाप्ये म्हणाले. सगळ्यात शेवटी भाई, ओठातल्या ओठात. शंकरला ऐकू आलं नाही, त्याने वाट बघितली. भाईंना पुन्हा मोठ्याने म्हणावं लागलं.

शंकरने पाकळ्यांचं तबक उचललं. भाईंनी हात वर केला.

"ऱ्हव दे, शंकर. देवाक कित्याक इचारतस? सगळा आमीच सांगितलांव." त्यांनी कमरेची चावी सोडली आणि कावेरीच्या हातात दिली. ती कुठल्या मनाने दिली ते त्यांचं त्यांना माहीत, पण दिली. मी टाळ्या वाजवणार होतो, देवळात आहे म्हणून आवरलं.

फेब्रुवारीत गाडी आली. दोन दिवसांत चौतीस कुत्री आणि एकोणीस मांजरं झाली. पहिल्या दिवशी डॉक्टर तेजस्वी कावेरीकडे जरा संशयाने बघत होती. पण एकेका मादीच्या पोटावर हात ठेवून कावेरी ती किती दिवसांची गाभण ते सांगायची आणि ते चुकायचं नाही, तेव्हा डॉक्टरनेच नियम केला की आधी कावेरीबाई, मग टेबल. कुत्र्यांतल्या आठ माद्या गाभण निघाल्या. एकीच्या पोटावरून हात काढत कावेरी म्हणाली, "हिका नाय. चार दिवसात व्यायतली." डॉक्टरने वाद घातला नाही, ती कुत्री कावेरीच्या गोठ्यात गेली. बाकी सात झाल्या. त्यांच्या पोटातून जे निघालं ते कावेरी स्वच्छ फडक्यात बांधून आपल्या फणसाखाली पुरायला निघाली. कुणाला बोलावलं नाही. डोळे मात्र पुसत होती. भाई कुदळ घेऊन तिच्यामागून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी महादू धापा टाकत सभागृहात शिरला. दारातच हातमोजे घातलेली, शिकलीसवरलेली जनावरांची डॉक्टर उभी होती. तिला वळसा घालून तो थेट कावेरीपुढे आला.

"कावेरीबाय, म्हशीन कवाचा पाणी सोडल्यान. पाय मुडपलेलो दिसता. येतस मां?"

"घरातली माणसां भियातत मां रे?"

"घरातल्यांनीच धाडल्यानी. तुझोच हात व्हयो म्हणतत."

डॉक्टरने हसून तिला वाट करून दिली. बादलीतल्या पाण्याने तिने हात धुतले आणि अशी तरातरा निघाली की महादूला मागून धावावं लागलं.

तासाभराने परत आली. केस विस्कटलेले, लुगड्याला ओल. म्हशीला रेडी झाली होती, उभीही राहिली होती. महादूच्या घरातल्या म्हातारीने कावेरीच्या पाया पडायचा घाट घातला होता, म्हणून ती पळून आली होती. सभागृहातली सगळी माणसं उभी राहिली. डॉक्टरच्या साबणाने तिने पुन्हा कोपरापर्यंत हात घासले आणि विचारलं, "आता खंयचा जनावर?"

भाईंच्या हातात एक ठिपक्यांची मांजर होती, पोट फुगलेली, बहुधा गाभण, त्यांच्या स्वतःच्या घरातली. त्यांनी ती पुढे धरली.

"बघ गो," ते म्हणाले. "तुझो हात सांगीत तसा."