कुऱ्हाडीचं पाणी

मनकर्णाच्या सासरी पुरुष म्हातारा होतच नसे. पंचेचाळिशीच्या आत अंगावर जुन्या तांब्यासारखा काळपट रंग चढायचा, बोटांची पेरं ठणकायची, मग पोटात पाणी, आणि एक दिवस खेळ खलास. बाया मात्र ठणठणीत! वडवणीच्या बाजारात लोक कुजबुजत, त्या घराला काहीतरी लागलंय आणि ते नेमके पुरुषच उचलतंय. लोकांचं काय हो, त्यांच्या जिभेला हाड असतं का?

पण मेंढरांमागं रानोमाळ फिरणारं हे घर, भिऊन बसतंय कशाला? त्यांच्याकडं पिढीजात उपाय होता. बाप मेला की त्याची कुऱ्हाड जपून ठेवायची. दर अवसेला, सूर्य डोक्यावर आला की ती चुलीत लालभडक तापवायची, तांब्यातल्या पाण्यात विझवायची आणि ते पाणी पोरांनी प्यायचं. बापाचं बळ पोरात उतरतं म्हणे. नेम दोनच. बाईनं ते तोंडाला लावायचं नाही, आणि थेंबभरही भुईवर सांडायचं नाही. सांडलं, की मेलेला तहानलेला राहतो आणि पाणी मागत घरात येतो.

नवरा म्हाळू, पोरांचा आबा, गेल्यापासून मनकर्णानं एक अवस चुकवली नव्हती. थोरला उत्तरेश्वर काळवंडायला लागला तेव्हा तर ती रोजच पाजू लागली. कुऱ्हाड विझताना चर्र वाजायचं, तेव्हा तिला वाटायचं, आतून म्हाळूच बोलतोय. उत्तरेश्वर तरी गेलाच. उरला धाकटा लखन, आणि यंदा लोकर कातरायला बसला तर त्याच्या हातातून कात्री गळून पडली. मनकर्णानं त्याचा हात उन्हात धरून पाहिला. रंग तोच.

लखनची बायको उज्ज्वला चार बुकं शिकलेली आणि खमकी. सासूला न विचारता ती नवऱ्याला दवाखान्यात घेऊन गेली. तिथं रोहिणी डॉक्टरीण घराण्यातून उतरणाऱ्या रक्ताच्या आजारांवर संशोधन करत होती. तिनं लखनचं रक्त घेतलं, मग वस्तीवर येऊन मनकर्णाचंही घेतलं, आणि तपासण्या आल्यावर स्वतःच सांगायला आली.

"मावशी, याच्या अंगात लोखंड साठतंय. खाल्ल्यातलं लोह शरीर सोडतच नाही. काळजात, सांध्यात, सगळीकडं साठतंय. जन्माचा दोष आहे, आईबाप दोघांकडून आलेला."

"माझ्याकडून बी?" मनकर्णा पुटपुटली. तिला आत्याच्याच घरात दिलेली. रक्त एकच.

"हो. बायांचं दर महिन्याला रक्त जातं, त्यासोबत लोहही जातं. म्हणून त्या बहुतेक वाचतात. याचंही आता आठवड्याला पिशवीभर काढायचं."

"रगत काढून माणूस जगतंय व्हय, बाई?"

"हा जगेल. फक्त वरून लोह देऊ नका. गोळ्या नाहीत, टॉनिक नाही."

मनकर्णानं चुलीकडं बघितलं. कुऱ्हाड तिथंच टेकून उभी होती. तिनं चाचरत पाण्याचं सांगितलं. डॉक्टरीण म्हणाली, "त्यानं आजार झाला नाही, मावशी. पण भर पडली."

"म्या पाजलं गं माय," मनकर्णा कपाळ बडवून घेऊ लागली. "उत्तरेश्वराला म्याच पाजलं, रोज!"

पिशव्या सुरू झाल्या. कुऱ्हाड आढ्यात गेली. लखनच्या बोटांना पुन्हा कात्री पेलायला लागली, घरात हसणं ऐकू येऊ लागलं. मग अवस आली.

उज्ज्वला बाजाराला गेली होती. मनकर्णा माळावर मेंढरांजवळ. टळटळीत दुपार, पान हलत नव्हतं. एकाएकी मेंढरांनी चरायचं सोडलं आणि सगळ्यांनी तोंडं घराकडं वळवली. एकही ओरडलं नाही. आणि तिला चर्र ऐकू आलं. इतक्या लांबून ऐकू येणं शक्यच नव्हतं, पण आलं.

ती धापा टाकत घरात शिरली. चूल पेटलेली. लखन समोर बसला होता, कुऱ्हाड बाजूला, हातात वाफाळता तांब्या.

"आबा सकाळधरनं हाका मारत्यात, आई," तो चुलीवरची नजर न काढता म्हणाला. "लई तहान लागली म्हणत्यात. कशापायी बंद केलं म्हणत्यात."

तांब्या ओठाला लागणार, तेवढ्यात तिनं हिसकावला. ओतून द्यायला वळली आणि जागीच थिजली. सूर्य डोक्यावर होता, सावल्या पायाखाली गोळा झालेल्या. तरी उंबऱ्यावर बाहेरून एक लांबच लांब सावली पडली होती, आणि दारात कुणी नव्हतं. ओतावं तर ती आत येणार. ठेवावं तर पोरगं पिणार.

मनकर्णानं तांब्या तोंडाला लावला. जीभ पोळली, घसा पोळला, तरी शेवटच्या थेंबापर्यंत प्याली. ओठ चावल्यावर येते तशी रक्ताची चव. मग रिकामा तांब्या तिनं उंबऱ्यावर पालथा घातला आणि लग्न झाल्यापासून कधी न घेतलेलं नाव घेतलं.

"म्हाळू, पानी संपलं. ह्यो माझा हाय, ह्याला सोड. तहान लागली तर मला ने."