सुमनच्या पानावरचा मासा

मंडळी, ह्यूस्टनच्या विमानतळावर कोलंबसच्या विमानाची वाट पाहत बसलोय. घरी पोचेपर्यंत धीर धरवत नाही, म्हणून इथूनच लिहितोय.

मध्य अमेरिकेतल्या बेलीझ देशाच्या किनाऱ्यावरचं गरिफुना लोकांचं एक आडगाव सुमनला, माझ्या बायकोला, पाठीवर सॅक टाकून पाहायचं होतं. गेल्या वर्षी ती वारली. तिचीच सॅक घेऊन मी एकटा जाऊन आलो.

आज सकाळी तिथल्या घरमालकीणबाई आपल्या पितरांसाठी टेबलावर जेवण मांडत होत्या. नारळाच्या रसात शिजवलेला मासा होता. मला म्हणाल्या, "तुझ्या बायकोचंही ताट मांड. काय आवडायचं तिला?"

"मासेच. मालवणची होती. पण मी माळकरी, म्हणून लग्नानंतर तिने सोडले."

"अरे, मग आता तरी खाऊ दे की बिचारीला!"

आयुष्यात पहिल्यांदा मी मासा वाढला. मग ताटाशेजारी बसलो आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मोठ्याने रडलो. त्या बाई नुसत्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या.

वर्षश्राद्धाला कोलंबसजवळच्या डब्लिन गावातल्या आमच्या घरी मी सुमनच्या पानावर खीर आणि वडे वाढले होते. ते मला आवडतात.

तुम्ही आपल्या गेलेल्या माणसाच्या पानावर काय वाढता?