काकू म्हणणारी शलाका

अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता... आजही आहे असं ठामपणे म्हणणार नाही. मी कॅलिफोर्नियात सनीव्हेलमध्ये चिप टेस्टिंग करते, पुरावा नसेल तर मला काही पटत नाही. तरी हे सांगते.

गेल्या फॉलमध्ये, म्हणजे सप्टेंबरच्या सुमारास, आमची मुलगी इरा कॉलेजला गेली. अर्ध्या दिवसाचा ड्राइव्ह. गेल्या गेल्या तिला सॉरोरिटीचं, म्हणजे कॉलेजातल्या मुलींच्या निवडक क्लबचं, वेड लागलं.

"आई, इथे सॉरोरिटीत नसशील तर यू आर नोबडी!"

मैत्रिणी मिळवायला मुलाखती कसल्या द्यायच्या? पण तिने "घेतलं मला" असं सांगितलं आणि मी गप्प बसले. शंका मात्र होतीच — व्हिडिओ कॉल टाळायची, मैत्रिणींची नावं विचारली की विषय बदलायची.

एका रविवारी सकाळी मी तिला फोन लावला, तर आवाज भलत्याच मुलीचा. स्वच्छ मराठी.

"काकू, मी शलाका. तुम्ही या ना इकडे... इरा जेवत नाहीये."

"तिला दे फोन."

"ती नाही बोलणार, काकू. तुम्ही या." फोन कट!

स्पीकरवर होता, त्यामुळे माझ्या नवऱ्यानेही, महेशनेही ऐकलं. परत लावला तर लागेना. आम्ही तसेच निघालो.

इरा डॉर्मच्या, म्हणजे हॉस्टेलच्या, खोलीत एकटीच पडली होती. पडदे ओढलेले, अंगात सणसणून ताप. मला बघून रडायलाच लागली. सॉरोरिटीने तिला घेतलंच नव्हतं. रूममेटला घेतलं होतं, ती आता तिकडेच असायची.

"शलाका कुठेय?" महेशने विचारलं.

"हू?"

"तुझा फोन उचलला तिने."

इराने उशीखालून फोन काढला. बंद पडलेला. "बाबा, हा फ्रायडेपासून डेड आहे. मी चार्जच नाही केला."

मजल्यावर सगळ्यांना विचारलं. शलाका कुणीच नव्हती. माझ्या फोनवर मात्र तो कॉल दिसत होता.

महेश म्हणतो, क्रॉस कनेक्शन. मग तिला इराचं नाव कसं माहीत? माझा संशय इरावरच होता, पण तिचं मराठी इतकं सरळ नाही.

इरा आता हायकिंग क्लबमध्ये रमली आहे, सॉरोरिटीचं नावही काढत नाही. परवा मी तिला विचारलंच, "खरं सांग, ती तूच होतीस ना?"

ती म्हणाली, "नाही आई... आय विश मी तुला कॉल केला असता."

मग तो आवाज कुणाचा? मला आजही सांगता येत नाही.