वयनींच्या माहेरचं खळं

आधी वयनींचं सांगतो, मग बाकीचं. मालवणात मी ज्यांच्या घरामागच्या खोलीत राहतो, त्या या वयनी. सगळी वाडी त्यांना वयनी, म्हणजे वहिनी, म्हणते, म्हणून मीही म्हणतो. त्यांचे मालक जहाजावर असतात, वर्षाकाठी एकदा घरी येतात. एरवी घरात त्या आणि गोठ्यात एक गाय. त्या मधे पडल्या नसत्या तर माझे तिघे मित्र सायकली घेऊन फोंडाघाटाकडे गेले असते आणि मी मालवणच्या चढावर पावाची पाटी घेऊन त्यांच्याकडे बघत राहिलो असतो. गोष्ट एवढीच. मोठी नाही. पण ती तोंडानं सांगायला गेलो की माझं काहीतरी अडतं, म्हणून लिहितो.

मी परभणीकडचा. आठवीतून शाळा सुटली. चुलतभावाच्या ओळखीनं इथल्या बेकरीत आलो, तो राहिलोच. पहाटे भट्टी, मग उजाडताना सायकलला पाव लावून घरोघर. इथं सपाट रस्ता म्हणून नाही. एक उतार संपला की पुढचा चढ उभाच. पहिल्या वर्षी मांड्या भरून यायच्या, पुढं सवय झाली. माणसांची सवय व्हायला मात्र वेळ लागला. लोक चांगले, हाक मारणारे, पण मी बोललो की लगेच कळतं हा इथला नाही. ‘मला’ म्हटलं की समोरचा ‘माका’ सोडून सरकारी ऑफिसात बोलावं तसं बोलायला लागतो. त्यानंच जास्त परकं वाटायचं.

तिघांची ओळख त्याच फेरीत झाली. एक कणकवलीच्या कॉलेजच्या ऑफिसात कारकून आहे. एक ख्रिस्ती मास्तर, त्याच्या घरी रोज पाव लागतात. आणि एक होडीवाला, पर्यटकांना समुद्रात फिरवून आणतो. तिघांना सायकलचा नाद. पाऊस ओसरला होता, पर्यटक यायला अवकाश होता, होडी अजून वर काढलेली होती, तेव्हा कारकुनानं बेत काढला. मालवणहून कसाल, कसालहून कणकवली, तिथून फोंडाघाटच्या अलीकडे मुक्काम. दुसऱ्या दिवशी घाट चढायचा, वर चहा घ्यायचा, परत. चौघं जायचं, असं तो म्हणाला आणि चौथं बोट माझ्याकडे केलं. मी मागं वळून बघितलं, माझ्यामागं कोणी आहे का.

बेकरीच्या मालकांनी दोन दिवस सुट्टी दिली, तीही हसत. मग संध्याकाळी होडीवाल्याच्या पडवीत आमच्या गजाली, म्हणजे गप्पा, सुरू झाल्या. विषय एकच, वजन. घाट चढायचा तर ओझं नको. होडीवाल्यानं मासळीचा काटा आडव्या वाशाला टांगला आणि ज्यानं त्यानं आपली पिशवी त्याला अडकवायची. कारकुनानं दात घासायच्या ब्रशाचा दांडा अर्धा कापून टाकला. साबणाची वडी दोऱ्यानं कापून चौघांत केली. तंबूऐवजी होडीवर टाकायचं ताडपत्रीचं कापड. मास्तरानं उशी आणली होती, ती काट्याला लावल्यावर होडीवाला म्हणाला, मास्तर, घाट चढूक जातलास का लग्नाक. मास्तरानं उशी गुपचूप परत नेली.

माझी पिशवी सगळ्यात जड निघायची. काढून काढून काय काढू? गाव सोडताना आमच्याकडे माणूस जमेल तेवढं उचलून निघतो, मागं राहिलेलं परत मिळेल असं त्याला वाटत नाही. माझ्या पिशवीत दोन स्वेटर, घोंगडी, पितळी तांब्या, बॅटरी, सगळ्या कागदांची एक पिशवी. कारकून एकेक बाहेर काढायचा आणि मी मान हलवायचो. त्याचं खरंच होतं. पण तांब्या बाहेर पडला तेव्हा मी तो एकदा परत आत घातला, कारकुनानं परत काढला.

जेवणाचंही वजनावरच ठरलं. डाळ-तांदूळ नको, शिजायला वेळ, भांडी मोठी. होडीवाल्याच्या आईनं सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, आणि गोलमो बांधून दिला. गोलमो म्हणजे त्याहून बारकी सुकवलेली कोळंबी. मूठभर घेतली तरी काट्यावर काही लागत नाही, खराब होत नाही, तव्यावर परतली की पावाबरोबर जेवण. पाव माझे. याच्यापेक्षा हलकं जेवण जगात नाही, यावर तिघांचं एकमत झालं.

मग कामं वाटली. सायकली बघायचं काम होडीवाल्याकडे, रस्ता कारकुनाकडे, औषधं मास्तराकडे. मुक्कामाची जागा ठरवायची राहिली. ती माझ्याकडे आली. नाही म्हणायला हवं होतं. माझी इथं ओळख ती पाव घेणाऱ्या घरांची, फोंडाघाटकडे मी कुणाला ओळखणार? पण ते तिघं माझ्याकडे बघत होते आणि मी म्हणालो, करतो की.

मास्तराच्या ओळखीच्या कुणीतरी घाटाखालच्या एका गावातल्या जाणत्या माणसाचा नंबर दिला. गावात मोठं देऊळ, पुढं मोठा मंडप, पूर्वी तिथं वाटसरू झोपायचे. मी चार वेळा नंबर लावला आणि वाजायच्या आत तोडला. शेवटी बोललो. गृहस्थ शांत होते. विचारलं कोण, कुठले, किती जण. मी घाबरलो की माणूस विचारेल त्यापेक्षा जास्त सांगतो. मी सगळं सांगितलं. एक ख्रिस्ती आहे, मी स्वतः परभणीचा, सायकलीवर येणार, कसलाही त्रास देणार नाही. त्यांनी विचारलं, “जेवणाचा काय?” मी सांगितलं, आमचं आम्ही करू, सुकी सुंगटं आहेत, गोलमो आहे, मंडपातच स्टोव्ह लावू.

ते म्हणाले, देवळाच्या आवारात वशाट, म्हणजे मासळी-मटण, चालत नाही, तरी देवाला विचारून बघतो.

आमच्याकडेही देवाला नवस बोलतात, पण देवाला विचारून त्याचं उत्तर घ्यायची रीत मी इथं येऊन पाहिली. कौल लावतात. गुरव देवाच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवीकडची आधी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. लग्न, विहीर, घर, सगळं असं विचारतात. आणि उत्तर आलं की त्यावर वाद नाही.

दुसऱ्या दिवशी मी फेरीवर असताना फोन आला. त्यांनी एवढंच सांगितलं, “डावो कौल इलो, बाबा.” माझ्या हातातले पाव तसेच राहिले. समोरच्या बाईंनी विचारलं काय झालं, तर मी म्हटलं, काही नाही, देव नाही म्हणाला. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

पडवीत सांगितलं तेव्हा कोणी रागावलं नाही. तेच जास्त लागलं. मी म्हणालो, सुंगटं राहू दे, मी परत फोन करतो, वशाट आणत नाही म्हणून सांगतो. होडीवाल्यानं मान हलवली. एकदा डावा आला तो आला, त्याच गोष्टीसाठी परत देवाच्या दारात जायचं नाही. मला वाटलं मास्तर माझ्या बाजूनं बोलेल. तोच म्हणाला, “देवान नाय म्हटला मगे नाय. कोणाच्या का देवान असेना.” दुसरं देऊळ बघू म्हणावं, तर निघायला दोनच दिवस राहिले होते, आणि होडीवाला म्हणाला, एका देवानं अडवल्यावर दुसऱ्याच्या दारात कुठल्या तोंडानं जायचं.

मग कारकुनानं खाली बघत सांगितलं की त्याच्या ऑफिसातल्या एकाची कणकवलीपुढं काजूची बाग आहे, त्यात राखणदाराची खोली. ती मिळेल. पण खोली केवढी, तर तिघं कसेबसे मावतील.

चौथ्याचं काय, हे कोणी बोललं नाही. होडीवाला काट्याची दोरी उगीच सोडवून परत बांधत होता. मला राग यायला हवा होता. आला नाही. मला वाटलं, हे असंच होणार होतं, उगाच मी चौथ्या बोटावर विश्वास ठेवला. मीच म्हणालो, “तुम्ही जावा. माझं राहू द्या की. बेकरीत पण मालकांची ओढाताण होते.” ते म्हणाले, नाही नाही, बघू काहीतरी. पण बघण्यासारखं काही नव्हतं आणि ते आम्हा चौघांनाही माहीत होतं.

खोलीवर येऊन पिशवी सोडली आणि सामान दाराबाहेर पायरीवर मांडत बसलो. वयनी गाईला पाणी दाखवून परत येत होत्या. त्यांनी विचारलं, उद्या-परवा जातलंय म्हणालंस ना रे, मग ह्या काय पसरलंस? मी म्हटलं, मी नाही जात. का नाही, ते दोन वाक्यांत सांगायचं ठरवलं होतं. पण त्या घमेलं बाजूला ठेवून पायरीवर बसल्या आणि सगळं बाहेर आलं, कौल, गोलमो, तिघांची खोली, सगळं.

ऐकून झालं तशा त्या भडकल्या. माझ्यावरच.

“मेल्या, माझा माहेर खंय आसा ता तुका ठाऊक नाय?”

खरंच ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं त्यांच्या मागच्या खोलीत राहिलो, त्यांच्या विहिरीचं पाणी प्यालो, पण त्या कुठून आल्या हे मी कधी विचारलं नव्हतं. त्यांना मुद्दाम काही विचारणं म्हणजे त्रास देणं, असं मला वाटायचं. त्यांचं माहेर फोंडाघाटच्या अलीकडे, त्याच देवळाच्या गावाला लागून. भाऊ अजून तिथं शेती करतो. मी म्हटलं, तुम्हाला कशाला त्रास, म्हणून बोललो नाही. त्यावर त्या म्हणाल्या की माझ्यासारखा माणूस आगीत सापडला तर शेजाऱ्याची झोप मोडेल म्हणून ओरडायचाही नाही.

तिथंच बसून त्यांनी भावाला फोन लावला. आधी भाताचं विचारलं, मग भावजयीच्या गुडघ्यांचं. मी हात चोळत उभा. मला वाटत होतं, पलीकडून नाही येईल आणि वयनींना माझ्यामुळं ऐकून घ्यावं लागेल. मग त्या म्हणाल्या, “चवगे येतत सायकली घेऊन. देवळात नको, आपल्या खळ्यात निजतले. त्यातलो एक माझ्या घरचो आसा, तेका नीट बघ.”

खळं म्हणजे घरापुढचं सारवलेलं अंगण. तिथं झोपायला देवाचा कौल लागत नाही. घरातल्या कुणाचं तरी असावं लागतं, एवढंच.

मी पायरीवरचा स्वेटर उचलून त्याची घडी घालत राहिलो. वयनींनीही माझ्याकडे बघितलं नाही, फोन पदरात पुसला आणि म्हणाल्या, गोलमो घेऊन जावा, माझ्या भावाक आवडता.

पण वजनाचं सगळं गणित त्याच क्षणी कोसळलं. माहेराला रित्या हातानं जायचं नसतं. आणि त्या स्वतः जात नव्हत्या, म्हणजे त्यांचे हात मी. निघायच्या सकाळी पायरीवर कोकमाच्या आगळाची बाटली, चार नारळ, सुक्या बांगड्यांची जुडी, भावाच्या नातीसाठी गोड खाजं आणि भावजयीसाठी गुडघ्याला लावायचं तेल. मी सगळं बांधलं. माझा तांब्या काट्यावर नापास झाला होता आणि आता नारळ निघाले होते. होडीवाल्यानं पिशवी हातात उचलून बघितली आणि दोन नारळ काढून स्वतःच्या सायकलला बांधले. मास्तरानं बाटली घेतली. कारकून म्हणाला, मग मी ब्रश कापलो कित्याक? तेवढ्यावर सगळे हसले आणि निघालो.

वाट मला फारशी आठवत नाही. मनात एकच घोळत होतं, भाऊ म्हणेल हा कोण, बहिणीनं कुणाला पाठवलं. कणकवली सोडल्यावर समोर डोंगराची भिंत दिसायला लागली, पण माझी भीती डोंगराची नव्हती.

दिवस मावळायच्या आत पोचलो. खळ्याच्या कडेला एक उंच, वाकलेला माणूस उभा होता. चौघांवरून नजर फिरवून त्यांनी विचारलं, “तायचो खंयचो?” म्हणजे, ताईचा कोणता? वयनींना माहेरी ताई म्हणतात.

तिघांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, “मी.” ‘व्हय’ म्हणायचं होतं, पण तोंडातून तेवढंच निघालं. त्यांनी माझ्या सायकलचा हँडल धरला आणि ती आत नेऊन स्वतः भिंतीला टेकवली. बाकीच्यांना सांगितलं, सायकली थंय लावा.

मग कसला हलका मुक्काम. ताडपत्री उघडलीच नाही. गाद्या आल्या, मास्तराला उशीही आली. जेवताना त्यांच्या पत्नीनं माझ्या ताटात भात वाढत विचारलं, ताई कशी आसा, गाय दूध देता काय. सगळं सांगितलं. मग त्या अगदी सहज म्हणाल्या की तीन वर्षं झाली, ताई आली नाही. घर कुणावर टाकणार, आणि गाय परक्याला जवळ येऊ देत नाही. भावानं मान खाली घालून जेवण चालू ठेवलं.

तीन वर्षं. ती वाट मी एका दिवसात पावाच्या सायकलवर करून आलो होतो, आणि ज्यांच्या नावावर आलो त्या तिकडे गोठ्यात होत्या. मी त्या घरात बसून जेवत होतो आणि त्यांच्यासाठी मला काहीएक करता येत नव्हतं.

घाट चढलो दुसऱ्या दिवशी. वर चहाही घेतला. परत आल्यावर वयनींना सगळं सांगितलं, भात कसा आहे, नात केवढी झाली, गुडघे कसे आहेत. तीन वर्षांचं तेवढं सांगता आलं नाही. त्यांनी दोनदा विचारलं, दारातलो फणस आसा मां अजून?

आता रोज पाव देऊन आलो की मी गोठ्यात जातो. गाय अजून लाथ मारते. काल शेपटीचा फटका तोंडावर बसला. पण गवत माझ्या हातून खायला लागली आहे. वयनी, तुम्ही हे वाचणार नाही, पण लिहून ठेवतो. ज्या दिवशी ही गाय मला धार काढू देईल, त्या दिवशी तुमची पिशवी भरून तुम्हाला फोंडाघाटच्या एसटीत बसवून देईन, आणि तुम्ही म्हणाल तेव्हाच न्यायला येईन. तोवर घर आणि गाय मी बघतो.